दारातली गाडी आणि गच्चीवरची सायकल

जळगाव

अमळनेरहून धुळ्याला सायकलने जाता येतं, हे आधीच सांगून टाकतो. परत आल्यापासून कॉलेजात ज्याला ज्याला सांगितलं, त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "का? गाडी नव्हती का?" रस्ता कसा होता, वाटेत काय खाल्लं, हे कोणी विचारलं नाही. म्हणून लिहून काढतो आहे. मला प्रवासाचं लिहिता येतं की नाही, माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं आधी कोणाला दाखवावं असं घरात कोणी नाही.

कारण साधं होतं. माझी धाकटी बहीण रोशनी, हिला धुळ्याच्या एका तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला. राहायला मामांचं घर होतं. पण मामांचं घर पांझरा नदीच्या अलीकडे आणि कॉलेज पलीकडे, देवपुरात. मधे आग्रा रोडचा बाजार आणि पूल. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातात, रोजची रिक्षा त्यांना झेपणारी नव्हती. रोशनी म्हणाली, "माझी सायकल आहे ना." ती आठवीपासून आमच्या गावाहून अमळनेरच्या शाळेत सायकलनेच जायची.

मामा फोनवर म्हणाले, "धुळ्यात सायकल? उद्या पोरीला काही झालं तर मी ताईला काय तोंड दाखवू? स्कूटी घ्या, नाहीतर तिथेच अमळनेरला आर्ट्सला टाका."

रोशनीला आर्ट्सला जायचं नव्हतं. तिला लहानपणापासून वस्तू उघडून पाहायची सवय आहे. आमच्या घरातला रेडिओ तिने उघडला तो अजून उघडाच आहे, पण वाजतो.

वडील कमी बोलतात. त्यांनी निकाल दिला तो एवढाच, "दोन्ही जण सायकलवर जा. मामाले दखाडा. तो हां म्हणना ते पोर तठेच ऱ्हाई. नही म्हणना ते पोर नि सायकल, दोन्ही वापस ली ये."

सायकल एसटीच्या टपावर टाकू, असं मी सुचवून पाहिलं. कंडक्टर म्हणाले, नव्या गाडीला वर चढायची शिडीच नाही. मग चालवत नेणं आलं.

माझ्याकडे जळगावातल्या तीन वर्षांच्या सायकलीचा अनुभव होता. तो काय कामाचा, हे सांगतो. इथे फूटपाथवर गाडी उभी असते, म्हणून पायी चालणारा रस्त्यावर उतरतो. तो उतरतो म्हणून सायकलवाला मधे सरकतो. तो सरकतो म्हणून मागचा गाडीवाला ओरडतो, "मधे काय चालवतो रे!" यात चूक कोणाची, हे मी बरेच दिवस शोधत होतो. उभ्या गाडीला विचारता येत नाही, कारण आत कोणी नसतं. चालत्या गाडीला विचारता येत नाही, कारण काच वर असते. राहता राहिला सायकलवाला. त्याला काच नाही. त्यामुळे चूक त्याची.

अमळनेर ते धुळे

आम्ही उजाडताच निघालो. रोशनी तिच्या सायकलवर, मी वडिलांच्या उंच काळ्या सायकलवर. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. वडिलांनी दोन्ही सायकलींचे ब्रेक दाबून पाहिले आणि कामावर निघून गेले. मागे वळून पाहिलं नाही. रोशनी म्हणाली, "वळले असते तर मीच नसते गेले."

अमळनेर सोडल्यावर रस्ता कपाशीतून जातो. कपाशी कमरेला लागली होती, पिवळी फुलं धरली होती. मधेच मका, मधेच बाजरी. बांधावर निंब. हे सगळं मी एसटीच्या खिडकीतून अनेकदा पाहिलं होतं, पण एसटीतून वारा कोणत्या बाजूने येतो हे कळत नाही. तो धुळ्याकडून येतो. धुळ्याला जाणाऱ्या माणसाने जावं की नाही याचा पुन्हा विचार करावा, इतक्या जोराने येतो.

एका फाट्यावर निंबाखाली बसलेल्या एका नानांनी हात करून आम्हाला थांबवलं.

"कोठे चालनात रे भो?"

"धुळे, नाना."

"गाडी बंद पडनी का?"

"नही. सायकलवरच चालनूत."

नाना आमच्याकडे नीट पाहत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "घरमा भांडण व्हयनं का?"

"नही हो नाना!" रोशनी हसली. "शिकाले चालनी मी. तठे सायकल लागी."

शिकायला जाणाऱ्या पोरीने वाऱ्यात सायकल मारावी, हे नानांना पटलं नाही. आम्हाला पाणी पाजून ते सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि केळीने भरलेला पिकअप थांबवला. "या पोरेसले धुळे सोडी दे!" ड्रायव्हरही तयार. केळी सरकवून सायकलींना जागा करायला लागला. आम्ही नको म्हणालो तेव्हा त्याला वाईट वाटलं आणि नानांना राग आला. पुढे आणखी कितीतरी जणांनी असंच विचारलं. एक भाऊ तर कुटुंबासकट भरलेली गाडी थांबवून, पोरांना मांडीवर घेऊन, आम्हाला बसा म्हणत होते. सायकली टपावर बांधायची दोरीही त्यांच्याकडे होती.

निघाल्यावर लगेच त्याच भाऊंनी आम्हाला घासून गाडी पुढे काढली. रोशनी रस्त्याखाली मुरमात उतरली. आतली पोरं मागच्या काचेतून आम्हाला टाटा करत होती.

आमच्याकडच्या लोकांचं मला नवल वाटतं. रस्त्यावर हातभर जागा देणार नाहीत, पण गाडीत मांडी देतील.

दुपारी एका मोठ्या ढाब्यावर थांबलो. दशम्या होत्या, पण शेवभाजीचा वास आला आणि मी मोहात पडलो. दारात शिट्टी घेतलेला एक माणूस गाड्या लावत होता. प्रत्येक गाडीला तो दोन्ही हातांनी मागे मागे बोलवायचा. आमच्यासाठी शिट्टी वाजलीच नाही. "त्या तिकडे, मोरीमागे लावा," म्हणाला. मी लावायला निघालो. रोशनी जागची हलली नाही. "भाऊ, शिट्टी वाजवा ना. आम्हीपण जेवायलाच आलो." तो गोंधळला. मग त्याने खरोखर शिट्टी वाजवली, हातांनी मागे मागे बोलवलं आणि दोन सायकली एका गाडीच्या जागेत सरळ उभ्या करून दिल्या. शेवभाजी इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रोशनी म्हणाली, मानाने जेवलो म्हणून रडतोय का?

आग्रा रोड

धुळं जुनं शहर आहे, आखून बांधलेलं. गल्ल्या सरळ आणि त्यांना नंबर. पाहुण्याला पत्ता शोधायला सोपं. पण गल्ली सरळ असली तरी आपल्याला सरळ जाता येतं असं नाही, कारण दोन्ही बाजूंना गाड्या असतात आणि मधली जागा गाड्यांसाठी राखलेली असते.

रोशनीला कॉलेजचा रस्ता आजच दाखवावा म्हणून आम्ही आधी आग्रा रोडला गेलो. इथे मला एक छोटा अपघात झाला. उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि मी त्यावर जाऊन आदळलो. कोपर सोललं, शर्टाची बाही फाटली. एक गृहस्थ उतरले. आधी दाराकडे गेले. बोटाने दार पुसलं, वाकून पाहिलं, मोबाईलचा उजेड पाडून पाहिलं.

"दिसत नाही का?" ते म्हणाले.

"तुम्ही दार उघडलंत," मी म्हणालो. हळू म्हणालो.

"मग मला कसं दिसणार? काचेला काळी फिल्म आहे."

माणसं जमली. सगळी दाराभोवती जमली. एक म्हणाला, ओरखडा जुना दिसतोय. दुसरा म्हणाला, पॉलिशने जाईल. माझ्या कोपरावरचा कुठल्या पॉलिशने जाईल, ते कोणी सांगितलं नाही. मी तर "सॉरी" म्हणालो. का म्हणालो, मला अजून कळलेलं नाही. गाडीसमोर उभं राहिलं की तोंडातून येतंच ते.

रोशनीने माझी बाही दुमडली आणि फाटलेला भाग आत लपवला. तिचा चेहरा उतरला होता. "मामाला सांगू नको," म्हणाली. "हे कळलं तर संपलं."

मामांचं घर

मामांच्या दारात पांढरी चकचकीत गाडी उभी होती. इतकी दाराला लागून की आम्हाला तिरकं होऊन आत जावं लागलं. फाटकाच्या आत मामेभाऊ मिलिंदची मोटारसायकल होती, ती गाडी हलल्याशिवाय बाहेर निघाली नसती.

"मामांनी गाडी घेतली!" मी म्हणालो.

"हळू बोल," मामी म्हणाल्या. "समोरच्या पवार भाऊंची आहे. उद्या मिलिंदचं घर पाहायला दोंडाईच्याचे पाहुणे येतायत. दारात काहीतरी दिसायला नको का?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. या गल्लीत रिवाजच पडला आहे. कोणाकडे स्थळ आलं की आदल्या दिवशी पवार भाऊ गाडी आणून त्या दारात लावतात आणि किल्ली घेऊन जातात. मागच्या वर्षी ती कोपऱ्यावरच्या सोनवण्यांकडे होती. एकाच गाडीने अर्ध्या गल्लीची लग्नं जमवली, असं मामी कौतुकाने म्हणाल्या.

एवढ्यात मामा आले. आमच्या सायकली पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "या इथे नको. वर न्या." आम्ही दोघांनी सायकली जिन्यातून गच्चीवर चढवल्या. अमळनेरपासून आल्या त्यापेक्षा तेवढा जिना जड गेला.

मामा मागोमाग वर आले आणि त्यांना माझं कोपर दिसलं. बाही उलगडली होती. मी म्हणालो, पाय घसरला. ते कठड्यापाशी उभे राहिले.

"मी याच शहरात सायकलवर शिकलो," मामा म्हणाले. "बापाची होती, चेन रोज पडायची. ऑफिसात लागलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आता आपल्या घरातलं कोणी सायकलवर दिसणार नाही. लोक काय म्हणतील, ते सोड. पण तेव्हा रस्त्यावर सायकली होत्या रे, गाडी एखादी. आता पोरीची सायकल कोणाला दिसेल? उद्या पाहुणे जाऊ दे. परवा टेम्पो बघून देतो. दोन्ही सायकली टाका आणि तिलाही ने."

रोशनी जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला मामांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ते चूक बोलत नव्हते. माझं कोपर त्यांच्या बाजूने होतं.

पाहुणे

दोंडाईच्याची मंडळी दोन गाड्या घेऊन आली, पण गल्लीत शिरायला जागा नव्हती. गाड्या कोपऱ्यावर ठेवून सगळे चालत आले. पुढे मुलीचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत होते. गुडघे धरत, गाड्यांच्या फटीतून वाट काढत ते दारात पोचले.

"जय भीम, जय भीम. या, या," मामा म्हणाले.

"जय भीम. गल्लीमा मानसे कमी नि गाड्या जास्त शेतस रे भो," आबा म्हणाले आणि पांढऱ्या गाडीच्या दारावरच्या जुन्या ओरखड्याकडे पाहून थोडं थांबले.

पोहे झाले, चहा झाला. मग घर पाहणं. आता, घर पाहायला आलेली माणसं खोल्या पाहतात, पाण्याची टाकी पाहतात आणि टाकी गच्चीवर असते. आम्हा इतक्या माणसांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. आबा जिना चढायला लागले तसा मामांचा चेहरा बदलला.

वर टाकीला टेकून दोन सायकली उभ्या.

"या कोन्या शेतस?" आबांनी विचारलं.

"त्या होय," मामा म्हणाले, "भंगारात द्यायच्या आहेत."

रोशनी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे तिने टाकीवर ठेवला. "भंगारात नाही, आबा. कालच अमळनेरहून चालवत आणल्या. ही माझी आहे."

मामींनी पदर तोंडाला लावला. आबा सायकलपाशी गेले, घंटी वाजवून पाहिली. "घंटी चांगली शे," म्हणाले.

तेवढ्यात खालून मोठा हॉर्न वाजला. नळाची पाळी नव्हती म्हणून मामांनी पाहुण्यांसाठी पाण्याचा टँकर सांगितला होता, तो आला होता. तो गल्लीत शिरला आणि पांढऱ्या गाडीपाशी अडकला.

"पांढरी गाडी कोणाची?" टँकरवाला खालून ओरडला.

मामांनी आबांकडे पाहिलं. "आपलीच," म्हणाले.

"मग घ्या ना बाजूला! मला पुढे दुसरीकडे जायचंय. दहा मिनिटं थांबतो, मग चाललो."

"ड्रायव्हर जेवायला गेलाय," मामा म्हणाले.

मिलिंदने खाली जाऊन हळूच पवार भाऊंना फोन लावला. घंटी वाजली. बंद गाडीच्या आतून वाजली. फोन सीटवर पडला होता. मामींनी समोर चौकशी केली तर पवार भाऊ किल्ली खिशात घालून सासुरवाडीला गेले होते. सासुरवाडी देवपुरात, पुलापलीकडे. मिलिंदची मोटारसायकल फाटकात कोंडलेली. पाहुण्यांच्या गाड्या कोपऱ्यावर होत्या, पण त्या मागायच्या कोणत्या तोंडाने? चार-पाच जणांनी पांढरी गाडी ढकलून पाहिली, ती हलली नाही. मग तिने जोरात भोंगा वाजवायला सुरुवात केली आणि थांबेना.

गाड्या एवढ्या होत्या की गल्लीतून कोणालाच कुठे जाता येत नव्हतं.

मी वळून पाहिलं तर रोशनीने तिची सायकल खांद्याला लावून जिन्यातून निम्मी खाली नेली होती.

"अगं थांब!" मामा ओरडले. तिच्या मागे धावले. मला वाटलं, सायकल हिसकावणार. पण मामांनी दाराशी हँडल धरलं आणि भराभर बोलायला लागले. "आग्रा रोडने जायचं नाही. ऐकतेस? मागच्या गल्लीतून नदीकाठाला लाग. तिथून लहान पुलावरून पलीकडे. तिथे गाड्यांची गर्दी नसते. मी कॉलेजला तसाच जायचो." मग पवार भाऊंच्या सासऱ्यांचं घर कुठे, ते सांगितलं. तिने मान हलवली आणि गाडी आणि भिंतीच्या फटीतून, हँडल तिरकं करून, निघून गेली.

आम्ही परत गच्चीवर आलो. मामांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. नदीकडची झाडं दिसत होती, पूल दिसत नव्हता. खाली भोंगा वाजत होता. प्रत्येक हॉर्नला मामांची मान तिकडे वळायची.

आबा शेजारी येऊन उभे राहिले. "तुमना ड्रायव्हर जेवाले इतला दूर जास का?"

मामा नदीकडे पाहतच म्हणाले, "गाडी आपली नाही, आबा."

"माले माहीत शे," आबा म्हणाले. "मांगला साल आम्ही याच गल्लीमा स्थळ दखाले उनथूत. कोपरावरला घरले. तवय भी हाईच गाडी व्हती. दारावर हाऊच ओरखडा."

मी तिसरीकडे पाहायला लागलो.

मग मिलिंद ओरडला, "आली!"

रोशनी गल्लीत शिरत होती. ती उभी राहून पेडल मारत होती आणि मागे कॅरियरवर, पाय वर उचलून, किल्ली हातात उंच धरून, गाडीचे मालक पवार भाऊ बसले होते. भाऊ अंगाने किरकोळ, म्हणून जमलं. मामांच्या घरात कोणाला गाडी चालवता येत नसल्यामुळे मालकालाच उचलून आणावं लागलं होतं. टँकरवाल्याने शिट्टी मारली. आबा खळखळून हसले, इतके की त्यांना टाकीला धरावं लागलं.

गाडी हलली, भोंगा थांबला, टँकर आत आला. पाहुणे जाताना "कळवतो" म्हणाले. पाहुणे नेहमी तेच म्हणतात.

संध्याकाळी मामा एकटे गच्चीवर गेले. रोशनीने सायकल पुन्हा वर नेऊन ठेवली होती. मामांनी ती खाली आणली आणि दारात, जिथे पांढरी गाडी उभी होती त्या जागी, स्टँडवर लावली. रोशनी स्वयंपाकघरातून पाहत होती. मामा तिच्याकडे न बघता म्हणाले, "आग्रा रोडने गेलीस ना, तर याद राख."

शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा मात्र मामांनी सांगितलं की भाची तब्येतीसाठी सायकल चालवते, डॉक्टरांनी सांगितलंय. काकू म्हणाल्या, आमच्याही सुनेला सांगायला पाहिजे.

परत

मी वडिलांच्या सायकलवर एकटा निघालो. वारा पाठीशी होता. फाट्यावर नाना निंबाखालीच होते. त्यांनी दुरूनच पाहिलं आणि उठून उभे राहिले.

"पोर कोठे शे?"

"तठेच ऱ्हायनी, नाना."

"बरं व्हयनं," नाना म्हणाले आणि या वेळी त्यांनी कोणाला थांबवलं नाही.

गावात वडील ओट्यावर बसले होते. एकच सायकल आलेली पाहिली. मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं. त्यांनी ब्रेक दाबून पाहिले, सायकल भिंतीला लावली आणि आत जाऊन आईला काही म्हणाले. आई रडत बाहेर आली, पण रोशनी राहिली या आनंदाने की रोशनी राहिली या दुःखाने, ते मला सांगता येत नाही. दोन्ही कारणं तीच होती.

आता मी जळगावात आहे. दोंडाईच्याहून होकार आला. मुलगी देऊ, लग्नात गाडी देणार नाही, असं आबांनी सोबतच कळवलं. मामा म्हणाले, आम्हाला नकोच, गल्लीत आहे ना एक.

काल रोशनीचा फोन आला. कॉलेजचा पहिला दिवस. लहान पुलावरून गेली, वाटेत काही झालं नाही. पण कॉलेजात पोचल्यावर पाहते तर बोर्ड दोनच. एक मोटारसायकलींचा, एक गाड्यांचा. सायकल कुठे लावायची, हे वॉचमनलाही माहीत नव्हतं. कोणी आणलीच नव्हती.

"मग कुठे लावलीस?"

"प्राचार्यांच्या गाडीच्या जागेवर."

"अगं!"

"ते आज रजेवर होते, दादा."

"आणि उद्या?"

मागे घंटी वाजल्याचा आवाज आला. बहुतेक तीच वाजवत होती.

"उद्या त्यांच्या आधी जाईन," ती म्हणाली.